विचारू नका, वाचा

"पान येत नाहीये," हुपरीकर सर म्हणाले.

ते कुणाला उद्देशून म्हणाले नव्हते, समोरच्या काळ्या पडद्यालाच म्हणाले होते. मी मान वर केली नाही. पागे मॅडमनी मात्र भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती आणि परीक्षा एक वाजता संपायची होती.

परीक्षा आम्हा दोघांचीच होती. सांगलीतल्या आमच्या कंपनीत शाळा-कॉलेजांच्या परीक्षांचे निकाल तयार व्हायचे. पुण्याच्या मुख्य ऑफिसनं सांगलीचं काम आवरतं घ्यायचं ठरवलं आणि कळवलं की प्रोग्रामर एकच ठेवा. एक तर दिगंबर हुपरीकर, वय चौपन्न, ज्यांनी हे ऑफिस पहिल्या मशिनपासून उभं केलं. नाहीतर मी, शीतल मगदूम, वय सत्तावीस, लग्न ठरलेला. मुलीकडच्यांनी मुलगा 'कॉम्प्युटरमध्ये' आहे म्हणून होकार दिला होता. तो कॉम्प्युटरमधून बाहेर पडला तर काय करतील, हे मला चांगलं ठाऊक होतं.

निवाडा करायला पागे मॅडम पुण्याहून आल्या होत्या. काम दोघांना एकच. चाळीस हजार मुलांच्या गुणांची फाइल, त्यातून पहिल्या शंभरांची गुणवत्ता यादी काढायची, आणि वेळ दोन तास. ज्याची यादी बरोबर तो राहणार, दोन्ही बरोबर आल्या तर आधी देणारा राहणार, दुसऱ्यानं सोमवारपासून यायचं नाही.

निकालाचं काम म्हणजे गुप्ततेचं काम. गेटवर ऐनापुरेमामा बसायचे. मोबाइल, डायरी, कागदाचा साधा कपटा, सगळं त्यांच्या लोखंडी कपाटाच्या खणात ठेवून वर यायचं. खिशात बसचं तिकीट सापडलं तरी मामा ते उलटसुलट करून बघायचे. इंटरनेट तर नव्हतंच. आम्ही पर्ल नावाच्या भाषेत प्रोग्राम लिहायचो आणि काही अडलं तर एकच आधार होता. त्या भाषेची सगळी माहिती मशिनमध्येच असते. काळ्या पडद्यावर 'पर्लडॉक' असं लिहायचं, पुढं हवा तो शब्द लिहायचा, की त्याचं पान समोर उघडतं.

आणि त्या आधाराच्या शेजारी, बरोबर दारासमोर, हुपरीकर सरांचा फळा होता.

फळ्यावर वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असायचं, 'विचारू नका, वाचा'. खाली आम्हा सगळ्यांची नावं. जे पर्लडॉकच्या पानात आहे ते कुणी दुसऱ्याला विचारलं, की त्याच्या नावासमोर एक रेघ आणि रेघेखाली तो प्रश्न. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सर ते प्रश्न मोठ्यानं वाचून दाखवायचे, विचारणाऱ्याच्या आवाजाची नक्कल करून. ज्याच्या रेघा जास्त त्यानं सगळ्यांना भडंग आणायचं. दोन वर्षांत मी नऊ वेळा भडंग आणलं होतं.

भडंगाचं काही नाही. पण एकदा कॉलेजची पंचवीस मुलं ऑफिस बघायला आली होती. त्याच आठवड्यात मी सरांना विचारलं होतं की यादी क्रमानं लावायला सांगितली तर मशिन दहाला नऊच्या आधी का टाकतं. पर्ल आकड्यांना शब्दांसारखं लावतं, एकापासून सुरू होणारा दहा त्याला नवाच्या आधीचा वाटतो, आणि त्यावर एक छोटं चिन्ह घालावं लागतं. हे कुणालाही अडतं. सर माझ्याकडे दोन क्षण बघत राहिले, मग हसले आणि रेघ ओढली. मुलं आली तेव्हा त्यांना फळ्याशी उभं करून म्हणाले, "हे आमचे मगदूम. पदवीधर आहेत. यांना एक ते दहा आकडे क्रमानं लावता येत नाहीत." पंचवीस मुलं खदाखदा हसली. त्यात एक माझ्या होणाऱ्या बायकोचा चुलतभाऊ होता.

तर ते सर आता म्हणत होते, पान येत नाहीये.

"काय झालं सर?" मी विचारलं. उठून त्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो. माझं निम्मं काम झालं होतं, मला घाई नव्हती.

त्यांनी पुन्हा लिहून दाखवलं. पर्लडॉक, मग 'सॉर्ट', म्हणजे क्रम लावण्याचं पान. एंटर दाबलं. पडदा एकदा लुकलुकला आणि परत कोरा. ना पान, ना चूक झाल्याचा संदेश.

"सकाळपासून असंच?"

"सकाळपासून." त्यांच्या कपाळावर घाम होता. पंखा तर फुल होता.

"केबल हलली असेल," मी म्हणालो.

आता केबलचा आणि पानाचा काय संबंध? ज्या माणसानं मला केबल म्हणजे काय ते शिकवलं, त्यानं या वाक्यावर मला फाडून खायला हवं होतं. सर टेबलाखाली वाकले, मागच्या केबली दाबून बघितल्या, गुडघ्याला लागलेली धूळ न झटकता परत बसले, आणि तीच आज्ञा पुन्हा दिली. पडदा लुकलुकला.

"मशिन बंद करून चालू करून बघा," मी म्हणालो.

त्यात सात मिनिटं गेली.

"दुसरं काही लिहून बघा. सॉर्टचंच पान खराब झालं असेल."

त्यांनी 'प्रिंट' लिहिलं, 'ओपन' लिहिलं. मग आणखी काहीतरी लिहिलं, ते मला त्यांच्या खांद्याआडून दिसलं नाही. सगळं कोरं.

पलीकडच्या टेबलावर फरजाना मुल्ला होती. ती गुणपत्रिका तपासायची आणि आमच्या परीक्षेशी तिचा संबंध नव्हता. ती हळूच मला म्हणाली, "शीतल, तुला यातलं कळतंय की. बघ ना जरा नीट. म्हातारा माणूस घामाघूम झालाय."

"बघतोय की," मी म्हणालो. "दिसत न्हाई का तुला, त्यांच्यापाशीच उभा हाय."

पागे मॅडम म्हणाल्या, "मिस्टर हुपरीकर, तुमच्या अनुभवाला हे पान लागतंच का?"

"नाही, नाही," सर म्हणाले. "तसं काही नाही. सवय असते एकेकाची."

त्यांची ती सवय आम्हाला सगळ्यांना माहीत होती. रोज सहाला निघताना सर सगळं आवरायचे, बॅग खांद्याला लावायचे आणि उभ्यानंच एक शेवटचं पान उघडून वाचायचे. ओठ हलवत, पाठ करत असल्यासारखे. मग मशिन बंद. फरजाना म्हणायची, सर रोज एक पान पाठ करून जातात, म्हणून तर त्यांना सगळं येतं. मला त्या पाठांतराचाही राग यायचा.

आता सांगून टाकतो. त्या मशिनला काहीही झालेलं नव्हतं. जे झालं होतं ते मी केलं होतं.

पर्लडॉक स्वतः पान दाखवत नाही. ते पान तयार करतं आणि पडद्यावर उलगडायला दुसऱ्या एका छोट्या प्रोग्रामच्या हाती देतं. तो प्रोग्राम कोणता, हे मशिन सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या एका फाइलमध्ये सांगता येतं. शुक्रवारी दुपारी सर मशिन उघडं टाकून डबा खायला गेले, तेव्हा मी त्या फाइलमध्ये एक ओळ टाकली. पान 'ट्रू' नावाच्या प्रोग्रामकडे द्यावं, अशी. हा प्रोग्राम काहीच करत नाही. जे हाती येईल त्याकडे बघतही नाही, फक्त सगळं ठीक आहे असं कळवतो आणि बाजूला होतो. ओळ दुसऱ्या दिवशी मशिन सुरू झालं की लागू होणार होती.

माझा हिशेब असा होता की सरांसारख्या माणसाला ही ओळ सापडायला पंधरा मिनिटं लागतील, तोवर त्यांचं डोकं फिरेल, आणि डोकं फिरलेला माणूस चुका करतो. तेवढीच आघाडी मला हवी होती. पण पंधराची चाळीस मिनिटं झाली आणि सर त्या फाइलच्या वाटेलाही गेले नाहीत. तेव्हा माझ्या डोक्यात शंका यायला हवी होती. आली नाही. खोटं कशाला बोलू, मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

मी माझ्या जागेवर जाऊन माझी यादी पूर्ण केली. दोनदा तपासली. साडेबारा वाजले होते.

मग ते घडलं. सर खुर्चीवरून उठले आणि सावकाश माझ्या टेबलापाशी आले. पागे मॅडमकडे पाठ केली, खाली वाकले, आणि इतक्या हळू आवाजात बोलले की त्यांच्या तोंडाचा सुपारीचा वास मला आधी आला आणि शब्द नंतर.

"शीतल, ते आकडे... दहा आधी येतायत रे नवाच्या. त्याला काय करायचं असतं?"

सर मला नेहमी मगदूम म्हणायचे. शीतल ते पहिल्यांदाच म्हणाले.

एक चिन्ह सांगायचं होतं. तोंड उघडून सांगायलाही नको होतं, बोटानं टेबलावर काढून दाखवलं असतं तरी भागलं असतं. माझी यादी झाली होती, त्यांची झाली असती तरी वेळेत मीच पुढे होतो. नोकरी माझ्या हातातून जात नव्हती.

मी उठलो. फळ्यापाशी गेलो. खडू घेतला. फळ्यावर हुपरीकर हे नाव सगळ्यात वर होतं आणि त्यासमोर दोन वर्षांत एकही रेघ नव्हती. मी चांगली ठसठशीत रेघ ओढली. खाली प्रश्न लिहिला आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलाही, त्यांच्याच आवाजात, जसा ते आमचा वाचायचे. "दहा आधी येतायत रे नवाच्या."

मागे वळून म्हणालो, "विचारू नका सर. वाचा."

दारापाशी चहाची किटली घेऊन आलेला कँटीनवाला हसला. पागे मॅडमच्या ओठांवरही हसू आलं, त्यांनी ते लगेच पुसलं. फरजाना तेवढी हसली नाही. सर फळ्याकडे बघत उभे राहिले. त्यांनी रागवायला हवं होतं, पण ते रागावले नाहीत. शाळेत शिक्षा झालेलं मूल जसं गुपचूप जागेवर जातं तसे जागेवर गेले आणि एक वाजेपर्यंत पडदा लुकलुकत राहिला.

दीड वाजता मॅडमनी निकाल सांगितला. सरांच्या यादीत नव्याण्णव गुणांचा मुलगा पहिला होता आणि शंभर गुणांचा मुलगा यादीतच नव्हता.

सरांनी बॅग खांद्याला लावली. उभ्यानंच मशिनवर काहीतरी लिहिलं. एंटर. पुन्हा लिहिलं. एंटर. बराच वेळ त्यांचं तेच चाललं होतं. मॅडम मला नोकरीच्या नव्या ऑर्डरचे नियम समजावून सांगत होत्या, त्यामुळे मी फार लक्ष दिलं नाही. मान वर केली तेव्हा सर दारातून बाहेर पडले होते. मशिन चालूच होतं. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच मशिन बंद न करता गेले.

सहाला ऑफिसचा फोन वाजला. हुपरीकर काकू होत्या.

"निघाले का रे हे?"

"काकू, ते दुपारीच गेले. दोनच्या आत."

मग त्या म्हणाल्या, "मोबाइल लागत नाहीये त्यांचा."

मोबाइल खाली मामांच्या कपाटातच होता. मामा म्हणाले, "मी हाका मारल्या की वो. फोन राहिला, फोन राहिला म्हणून. माझ्याकडं बघितलं त्यांनी, पन वळखलं न्हाई. डावीकडं जायचं तर उजवीकडं गेले."

सर रविवारी दुपारी जतच्या एसटी स्टँडवर सापडले. सांगलीपासून जत म्हणजे अडीच तासांचा रस्ता. बाकावर बसले होते, पायात एकच चप्पल. पोलिसांनी नाव विचारलं तेव्हा म्हणाले, पान येत नाहीये.

सोमवारी त्यांचं मशिन माझ्याकडे आलं. आमच्याकडे नियम असा की माणूस गेला की त्याच्या जागी येणाऱ्यानं मशिन तपासून कोरं करायचं. मी आधी माझी ओळ काढून टाकली आणि मशिन पुन्हा सुरू केलं. पुरावा तेवढाच होता. मग सहज म्हणून वरच्या बाणाचं बटण दाबलं. त्या बटणानं आधी दिलेल्या आज्ञा एकामागून एक उलट क्रमानं दिसतात.

पर्लडॉक घर. पर्लडॉक घर. पर्लडॉक घर. मी मोजलं, चौदा वेळा होतं. त्याच्या आधी सॉर्ट, आणि त्याच्याही आधी, साडेबाराच्या सुमाराचं, पर्लडॉक माणसं, तीन वेळा. त्याच्या आधी ओपन, प्रिंट आणि बाकी सगळं सॉर्ट, सॉर्ट, सॉर्ट.

पर्ल भाषेत घर नावाचं काही नाही आणि माणसंही नाहीत. मी लिहिलं, पर्लडॉक घर. एंटर. आता मशिन ठीक होतं, आणि पर्लडॉक आपण स्वतः लिहून ठेवलेलं पानही तसंच उघडतं. पान उघडलं.

'गेटबाहेर डावीकडे. पिंपळापाशी थांबायचं. विश्रामबागेची बस. पाण्याच्या टाकीला उतरायचं. हिरवं फाटक. बायकोचं नाव शैलजा. मुलगी बंगळुरात असते, ती घरी नसणार, तिला हाक मारायची नाही.'

मी दुसरं पान उघडलं. 'माणसं' नावाच्या पानात आम्ही सगळे होतो. 'फरजाना, खिडकीशी बसते, वडील आजारी, चौकशी करायची.' 'गेटवर ऐनापुरे, मामा म्हणायचं.' आणि मग, 'उंच, चष्मा, तिसरं टेबल. शीतल मगदूम. हुशार आहे. मी फार छळतो. अगदीच अडलं तर याला विचारायचं. हा सांगेल.'

त्यांनी स्वतःसाठी सॉर्टचंही एक पान लिहिलं होतं. त्यात ते चिन्ह होतं. खाली तारीख घालून लिहिलेलं होतं, 'आज शीतलनं हे विचारलं. मला आठवलंच नाही. हसून वेळ मारून नेली. फळा आहे म्हणून बरं. कुणी विचारलंच नाही तर कुणाला कळणार नाही.'

सगळ्यात शेवटची नोंद शुक्रवारची होती. मी माझी ओळ टाकून गेलो त्यानंतर दोन-तीन तासांनी लिहिलेली. 'उद्या पुण्याच्या बाई येणार. नाव पागे. घाबरायचं नाही. सगळं पानांत आहे. पान उघडायचं, वाचायचं, लिहायचं.'

मी दार लावून घेतलं. एकूण एकतीस पानं होती. सगळी वाचली. एक पान त्यांच्या आईवर होतं, एक मुलीच्या लहानपणावर, एक ते तिला शिकवायचे त्या गाण्यांच्या ओळींचं. त्या पानांच्या फायलींवर तारखा होत्या, आणि शनिवारची चौकशी झाली असती तर प्रश्न आला असता की ही पानं होती तर दिसली का नाहीत. पागे मॅडम मूर्ख नव्हत्या. मी मशिन कोरं केलं. नियमच होता तसा.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी हुपरीकर काकू आल्या. मामांनी त्यांना वर सोडलं. हातात मोठी पिशवी होती.

"शीतल तूच ना रे?" त्यांनी मला बरोबर ओळखलं. उंच, चष्मा, तिसरं टेबल. "मोबाइल न्यायला आले त्यांचा. आणि हे भडंग. सकाळपासून जीव खाल्लाय माझा, आज शेवटचा शनिवार, माझ्या नावावर रेघ आहे, भडंग पोचवून ये. मला ओळखत नाहीत रे सकाळचे, पण रेघ बरी लक्षात राहिली."

फरजाना उठून बाहेर गेली. मी काकूंना खुर्ची दिली.

"दोन वर्षं झाली," काकू म्हणाल्या. "डॉक्टर म्हणाले होते, कामात आहेत तोवर टिकतील, काम सोडवू नका. मी म्हटलं, कामात चुका व्हायला लागल्या तर? तर हे म्हणायचे, तिथं एक पोरगा आहे, सांभाळून घेईल."

फळ्यावर ती रेघ अजून होती. कुणी पुसली नव्हती.

"एक विचारू का रे?" त्या जरा पुढे झुकल्या. "दिवसभर एकच घोकतात. पान उघड, पान उघड, सगळं लिहून ठेवलंय. कसलं पान ते मला कळत नाही. इथं मशिनवर काही लिहिलंय का त्यांनी? लेकीचं, माझं, कसलंही. वाचून दाखवलं तर कदाचित ओळखतील मला. थोडं असलं तरी चालेल."

त्यांनी पदरानं चेहरा पुसला आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

"नाही काकू," मी म्हणालो. "मी स्वतः बघितलं. काही नव्हतं."

त्या बरं म्हणाल्या, मोबाइल घेतला आणि जिना उतरून गेल्या. मग मी पिशवी उघडली, कागद पसरला आणि सगळ्यांना हाक मारली. लसूण चांगला तळलेला होता. मी दोन मुठी खाल्ल्या.